पगारातून काय कापले?

पगार आता बँकेत जमा होतो. मोबाइलवर आकडा येतो. पण तो आकडा म्हणजे पुरा पगार नव्हे. कापून उरलेला पगार तो. काय काय कापले, हे पगाराच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. तुम्हांला आता वाचता येते. तेव्हा ती चिठ्ठी मागून घ्या आणि सावकाश वाचा. इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला जवळ बसवा.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला टॉवेल-चादरींचे पुष्कळ कारखाने आहेत. समजा, तिथे एका बाईला महिना १४ हजार रुपये पगार आहे. चिठ्ठीवर ‘टॅक्स २०० रुपये’ असे आहे. ती म्हणते, “गुरुजी, माझा पगार तो केवढा! त्याला इन्कम टॅक्स कसा बसला?”

बसला नाही, बाई. हा इन्कम टॅक्स नव्हेच. हा व्यवसाय कर. लोक दोन्हींना टॅक्सच म्हणतात, तिथे घोटाळा होतो. इन्कम टॅक्स दिल्लीच्या सरकारचा. व्यवसाय कर आपल्या राज्याचा.

१९७२ चा दुष्काळ जाणत्यांना आठवत असेल. खडी फोडायला गावेच्या गावे लोटली होती. लोकांना काम द्यायचे तर पैसा हवा. म्हणून रोजगार हमीसाठी १९७५ साली महाराष्ट्राने हा कर बसवला. नोकरदाराकडून थोडे घ्यायचे आणि गावच्या मजुराला काम द्यायचे. मला हा हिशेब पटतो. पण ज्याला लागू आहे, त्याच्याकडूनच घ्यावा की नाही?

पुरुषाचा पगार महिना साडेसात हजारांपर्यंत असेल तर व्यवसाय कर नाही. पुढे दहा हजारांपर्यंत महिना १७५ रुपये. दहा हजारांच्या वर २००, आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. बायकांचा नियम वेगळा आहे. १ एप्रिल २०२३ पासून ज्या बाईचा पगार महिना २५ हजारांपर्यंत आहे, तिला हा कर नाही. म्हणजे आपल्या बाईचे २०० रुपये कापायलाच नकोत. वर्षाला अडीच हजार! त्यात पोरांच्या वह्या, दप्तर, गणवेश, सगळे येते.

आता खरा इन्कम टॅक्स. हा आपल्या देशात १८६० साली आला. सत्तावनच्या बंडात इंग्रजांची तिजोरी रिकामी झाली, ती भरायला. आज मालक तुमच्या वर्षाच्या पगाराचा अंदाज करतो, कर काढतो आणि दरमहा थोडा थोडा कापतो. एप्रिल २०२५ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही. १४ हजारांना बाराने गुणा. १ लाख ६८ हजार. कुठे पावणेतेरा लाख आणि कुठे हे! तरीही चिठ्ठीवर ‘टी.डी.एस.’ दिसले तर विचारा. तो कर कापला असेल तर तुमच्याच पॅन नंबरावर भरला पाहिजे. त्याचा दाखला मालकाकडून घ्या. वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरा. जादा कापलेले पैसे बँकेत परत येतात. विवरणपत्र न भरता सरकार ते घरी आणून देत नाही.

चिठ्ठीवर ‘पी.एफ.’ही असेल. तो कर नव्हे, म्हातारपणची पुंजी आहे. बहुतेक कारखान्यांत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शंभराला १२ रुपये कापतात, मालकही तेवढेच घालतो. मात्र चिठ्ठीवर कापलेले खात्यात भरलेच असेल असे धरून चालू नका. पासबुक मोबाइलवर पाहता येते. सोलापुरात पी.एफ.ची कचेरीही आहे.

चूक दिसली तर भांडू नका. कारकुनाला चिठ्ठी दाखवा. म्हणा, “साहेब, माझा पगार पंचवीस हजारांच्या आत आहे. मग व्यवसाय कर का कापला? पुढच्या पगारात वळता करून द्या.” तोंडी ऐकले नाही तर अर्ज लिहा, खाली सही करा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. जुन्या चिठ्ठ्या चुलीत घालू नका. रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा.