ताणाची बाजू, दाबाची बाजू

वाऱ्याने पाडलेलं पाइनचं झाड आडवं पडलेलं दिसलं की त्याचं आता सगळं संपलं असं वाटतं. तसं नसतं. बुंधा एका खडकावर टेकलेला, शेंडा पलीकडच्या दोन स्प्रूसच्या झाडांच्या बेचक्यात अडकलेला आणि मधला भाग स्वतःच्याच वजनाने खाली झुकलेला. त्या झुकलेल्या भागात वरच्या अंगाचे तंतू एकमेकांवर दाबले जात असतात, खालच्या अंगाचे ताणले जात असतात. सालीवरून यातलं काहीच कळत नाही. करवत उघडण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारायची, ते कुठे टेकलंय, कुठे लोंबतंय, कापल्यावर कोणता तुकडा कुठे जाईल हे पाहायचं. घडीच्या करवतीने लाकूड कापण्याचं निम्मं काम मला या फेरीतच झालेलं दिसतं.

मी राहते तो दक्षिण स्वीडनचा स्मोलांड हा भाग जंगलांचा. मोजकी हत्यारं घेऊन रानात जायचं आणि निवारा, जळण, स्वयंपाक यांची सोय आपली आपण करायची, या विद्येला इथे आणि एकूणच उत्तरेकडच्या देशांत बुशक्राफ्ट म्हणतात. तिच्याविषयी बोलताना लोक सुरीचं कौतुक करतात, कुऱ्हाडीचं त्याहून जास्त. घडीची करवत पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात गुपचूप पडून असते. माझं मत विचाराल तर सुरीच्या जोडीला एकच हत्यार न्यायचं असेल तेव्हा करवतच न्यावी. कुऱ्हाड आडव्या लाकडावर चालवली की निम्मं लाकूड ढलप्यांत जातं, आणि दमलेल्या हातातली कुऱ्हाड निसटली तर ती नडगीत बसते. करवतीला लागते फक्त एक चीर, जेमतेम एकदोन मिलिमीटर रुंद.

कापायचं काय, हा प्रश्न मात्र आधी सुटायला हवा. स्वीडनमध्ये कोणाच्याही रानात हिंडण्याचा, बेरी-भूछत्रं वेचण्याचा हक्क सर्वांना आहे. त्याला अलेमान्सरेत म्हणतात आणि १९९४ पासून त्याचा उल्लेख राज्यघटनेत आहे. पण उभं झाड तोडणं, जिवंत फांदी छाटणं, साल काढणं या हक्कात बसत नाही. वादळाने पडलेलं झाडसुद्धा मालकाचंच. जमिनीवर पडलेल्या सुक्या काटक्या-फांद्या घ्याव्यात, बाकी सगळं विचारून. मी ज्यांच्या रानात जाते ते शेतकरी आहेत. त्यांनी परवानगी देताना एकच अट घातली, ‘पडलेलं घे, उभं सुकलेलं सोड. त्यात काळा सुतारपक्षी घर करतो.’

या भागात पडलेल्या झाडाकडे लोक उगाच सावधपणे पाहत नाहीत. जानेवारी २००५ मध्ये ‘गुद्रुन’ नावाच्या वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये एका रात्रीत सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं. त्यात स्प्रूस सर्वाधिक. एकमेकांवर पडलेली, एकमेकांना वाकवून धरलेली झाडं पुढे कित्येक महिने कापली जात होती, आणि त्या कामात माणसं दगावली. वाकलेल्या खोडातला ताण चुकीच्या जागी मोकळा झाला की खोड उसळतं. मोठ्या यांत्रिक करवतीने जे जिवावर बेततं, तेच हातातल्या करवतीने फांदीवर सावकाश, सुरक्षितपणे समजून घेता येतं.

दोन्ही टोकांना टेकलेली, मनगटापेक्षा थोडी जाड फांदी घ्या. वरून कापायला सुरुवात केली तर पहिले काही हात सुरेख जातात. मग चीर हळूहळू मिटायला लागते, कारण वरची बाजू दाबाची. पातं दोन्हीकडून आवळलं जातं, ओढायला जड होतं, आणि जोर लावून ढकललं तर वाकतं. म्हणून वरून एक तृतीयांशापर्यंतच जायचं आणि उरलेलं खालून, ताणाच्या बाजूने कापत वर यायचं. खालची चीर आपोआप उघडत जाते. शेवटी एक कोरडा ‘कट्’ ऐकू येतो आणि दोन्ही तुकडे खाली बसतात.

एकाच टोकाला धरलेली, हवेत लोंबणारी फांदी असली की सगळं उलटं. तिथे ताण वर असतो आणि दाब खाली. खालून थोडी चीर न पाडता सरळ वरून कापत गेलं तर फांदी अर्ध्यातच मोडते आणि सालीची लांब पट्टी बुंध्यापर्यंत सोलवटत नेते. कोकणात आंब्याची जुनी फांदी उतरवतानाही हेच करावं लागतं. आधी खालून चीर, मग थोडं पुढून वरून छेद, वजन उतरलं की बुंध्याजवळचा खुंट स्वच्छ कापून काढायचा. तिथे झाड जिवंत असतं, म्हणून सोलवटलेल्या सालीची किंमत जास्त.

माझ्याकडे दोन करवती आहेत. एक मूळच्या स्वीडिश बाहको कंपनीची ‘लॅपलँडर’. पातं १९० मिलिमीटरचं, थोडं जाड, ढकलताना आणि ओढताना दोन्हीकडे कापणारं. दुसरी जपानी, ह्योगो प्रांतातल्या ओनो शहरातल्या ‘सिल्की’ची. तिचे दाते मुठीकडे कललेले, म्हणून ती फक्त ओढताना कापते. ढकलताना तिला नुसतं परत न्यायचं असतं. यामागचं तत्त्व साधं आहे. पातळ पोलाद ढकललं की वाकतं, ओढलं की ताठ होतं. ओढूनच कापायचं म्हटल्यावर पातं पातळ ठेवता येतं, चीर अरुंद होते, श्रम कमी लागतात. हे जपानपुरतंच आहे असंही नाही. आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून जी करवत चालवत तिचे दातेही ओढीवर कापणारे असत. बसलेल्या माणसाला पुढे रेटायला अंगाचं वजन मिळत नाही, पण पाठीचा आणि खांद्याचा जोर ओढायला पुरेपूर मिळतो. रानात गुडघा टेकून बसलं की त्याचा प्रत्यय येतो.

हाताला सवय लावावी लागते ती पूर्ण लांबीने ओढण्याची. दोन दात्यांमध्ये जी खोबण असते तिच्यात भुसा साठतो, आणि तो दाता लाकडातून बाहेर आल्याशिवाय सांडत नाही. आखूड, घाईचे हात मारले की मधल्या दात्यांच्या खोबणी भरून जातात, भुसा चिरेतच दबतो आणि करवत लाकडावरून नुसती घसरायला लागते. वरून दाबलं तर आणखी वाईट. करवतीचं स्वतःचं वजन आणि बोटभर आधार, एवढंच पुरतं. चांगला लागलेला हात आवाजावरून ओळखू येतो. सूर लांब आणि सारखा असतो. गाठ लागली की तो वर चढतो. स्प्रूसच्या सुक्या गाठी विशेष कठीण, तिथे हात हळू करायचा, नाहीतर दात्याचं टोक उडतं.

भुसाही बोलका असतो. कोरड्या पाइनचा फिका आणि मोकळा, बोटांतून गळणारा. ओलसर बर्चचा दमट, चिमटीत गोळा होणारा. हा गोळा झाला की ते लाकूड त्या दिवशीच्या शेकोटीच्या कामाचं नाही, मग ते वरून कितीही वाळलेलं दिसो.

या हत्याराची मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याची मर्यादा. पातं १९० मिलिमीटरचं. पाच सेंटिमीटर जाडीच्या फांदीत ते सुमारे चौदा सेंटिमीटर मोकळं खेळतं. पंधरा सेंटिमीटरच्या ओंडक्यात उरतात फक्त चार. शिवाय जाडी तिप्पट झाली की कापायचं क्षेत्र नऊपट होतं. म्हणजे काम नऊपट आणि हात आखूड. म्हणून पात्याच्या निम्म्या लांबीपेक्षा जाड लाकडाच्या वाटेला जाऊ नये असा साधा हिशेब आहे. त्यामुळे आपोआप लहान लाकूड निवडलं जातं, शेकोटी लहान राहते, राख थोडी राहते. यंत्राच्या करवतीने माणूस गरजेपेक्षा जास्त कापतो, कारण थांबायला काही सांगतच नाही. इथे खांदा सांगतो. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये हजारो हेक्टर जंगल जळालं आणि उघड्यावर आग पेटवायला ठिकठिकाणी बंदी आली. लहान शेकोटीची सवय ज्याच्या हाताला आहे तो माणूस जंगलाला मला कमी धोक्याचा वाटतो.

हे वाचून ज्यांना सह्याद्रीत घडीची करवत घेऊन जावंसं वाटेल, त्यांना कळकळीने सांगते की तसं करू नका. आपल्या राखीव वनांत झाड तोडणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, आणि गडांच्या उतारावरची कारवी, अंजन, जांभूळ यांना आपल्या शेकोटीपेक्षा मोठं काम आहे. स्वतःच्या बागेत, परसात ती खुशाल वापरा. कडुलिंबाची पडलेली फांदी शिकायला उत्तम.

सुरुवातीचे दोन-चार हात सगळ्यात धोक्याचे. चीर पडलेली नसते, पातं उडतं आणि लाकूड धरलेल्या डाव्या हातावर येतं. बहुतेक जखमा तिथेच होतात. त्या हातात जाड हातमोजा हवा आणि तो छेदापासून वीतभर लांब हवा. मुठीजवळच्या दात्यांनी हलकेच ओढून खाच पाडायची, मग पूर्ण हात. उघडल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय कापायला घ्यायचं नाही. खटका अर्धवट बसला तर ढकलताना पातं बोटांवर मिटतं.

पाइनची राळ पात्यावर तपकिरी थर धरते आणि करवत बोथट झाल्याचा भास होतो. रॉकेलच्या किंवा टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली की ती पुन्हा चालते. नव्या पात्यांच्या दात्यांची टोकं विजेच्या झटक्याने कडक केलेली असतात, म्हणून ती फार काळ तीक्ष्ण राहतात, पण त्यांच्यावर कानस धरत नाही, नुसती घसरते. झिजलं की पातं बदलायचं. आपल्याकडचा सुतार तिकोनी कानस घेऊन दाता-दाता घासत बसायचा आणि तीच करवत वर्षानुवर्षं चालायची. मला ती रीत अधिक आवडते. म्हणून मी आता साध्या, कानस लावता येईल अशा पोलादाच्या घडीच्या करवतीच्या शोधात आहे. तिला महिन्या-दोन महिन्यांनी धार द्यावी लागेल, पण कोणता दाता कुठल्या गाठीवर गेला हे माझ्या बोटांना माहीत असेल.