डायस, कार्डिनल आयव्हन

(१४ एप्रिल १९३६–१९ जून २०१७). भारतीय रोमन कॅथलिक धर्मगुरू, पोपच्या सेवेतील मुत्सद्दी व मुंबईचे आर्चबिशप. जन्म मुंबईत वांद्रे येथे; घराणे मूळचे गोव्याचे. ८ डिसेंबर १९५८ रोजी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे रोम येथे चर्चच्या राजनैतिक अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले आणि १९६४ मध्ये लॅटरन विद्यापीठाची चर्चच्या कायद्यातील डॉक्टरेट संपादन केली.

पोपच्या राजदूतास ‘नन्सिओ’ म्हणतात. त्याचे कार्य दुहेरी असते : शासनाशी राजनैतिक संबंध राखणे आणि स्थानिक चर्च व पोप यांच्यातील दुवा होणे. बिशपपदासाठी योग्य व्यक्तींची चौकशी करून रोमला कळविणे हेही त्याच्याकडेच असते. इंडोनेशिया, मादागास्कर इ. देशांतील दूतावासांत व नंतर व्हॅटिकनच्या सचिवालयात काम केल्यावर १९८२ मध्ये डायस आर्चबिशप झाले. त्यांनी घाना, टोगो व बेनिन (१९८२–८७) आणि दक्षिण कोरिया (१९८७–९१) येथे पोपचे प्रतिनिधित्व केले.

त्यांची खरी कसोटी अल्बेनियात लागली. तेथील साम्यवादी राजवटीने १९६७ मध्ये सर्व धर्माचरणावर बंदी घालून चर्च व मशिदी बंद केल्या होत्या. अनेक धर्मगुरू तुरुंगात मरण पावले होते. १९९१ मध्ये व्हॅटिकनशी संबंध पुन्हा जुळल्यावर डायस तेथे नन्सिओ म्हणून गेले. शासनाशी बोलणी करण्याबरोबरच विस्कळीत झालेल्या चर्चची घडी नव्याने बसविणे त्यांना भाग होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ एप्रिल १९९३ रोजी अल्बेनियास भेट देऊन चार बिशपांना दीक्षा दिली. त्यामुळे तेथील धर्मप्रांतांना पुन्हा नेतृत्व लाभले.

नोव्हेंबर १९९६ मध्ये डायस यांची मुंबईच्या आर्चबिशपपदी नियुक्ती झाली. उरण, मोरा ही बंदरापलीकडील गावेही ह्याच महाधर्मप्रांतात मोडतात. त्यांच्या कारकीर्दीत, १९९८ मध्ये, मराठी भाषक कॅथलिकांची मोठी वस्ती असलेला वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. २१ फेब्रुवारी २००१ रोजी ते कार्डिनल झाले. १६२२ मध्ये स्थापन झालेल्या व जगभरच्या मिशन-क्षेत्रांचा कारभार पाहणाऱ्या धर्मप्रसार मंडळाचे ते २००६ ते २०११ ह्या काळात प्रमुख होते. २००५ व २०१३ मधील पोपच्या निवडणुकींत त्यांनी भाग घेतला. रोम येथे त्यांचे निधन झाले.