पिरेअसची बोट आणि आपला मान्सून

ऑगस्टमधली सकाळ. अथेन्सच्या पिरेअस बंदरात लख्ख ऊन पडलंय, आकाशात ढगाचा ठिपकाही नाही. धक्क्याला पाच-सहा मजली बोटी लागलेल्या आहेत आणि प्रवासी मात्र बॅगांवर बसून राहिलेत, कारण वाऱ्यामुळे ग्रीक तटरक्षक दलाने बोटी सोडायला मनाई केली आहे. कोकणातल्या माणसाला हे चटकन पटायचं नाही. आपल्याकडे गेटवे–मांडवा लाँच बंद होतात त्या भर पावसाळ्यात, ढग दाटून आलेले असताना. एजियन समुद्र मात्र चकचकीत उन्हात खवळतो.

या वाऱ्याचं नाव मेल्तेमी. उन्हाळ्यात, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, तो उत्तरेकडून दिवसचे दिवस वाहतो. प्राचीन ग्रीक त्याला एतेशियन वारे म्हणत. अ‍ॅरिस्टॉटलने त्यांच्याविषयी लिहून ठेवलं आहे. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस तर आपल्या नगराला बजावत होता की, मॅसिडोनियाचा राजा फिलिप हे वारे हेरूनच चाल करतो. त्या दिवसांत अथेन्सच्या आरमाराला उत्तरेकडे सरकताच येत नाही. म्हणजे या पाण्यावर लढाईचं वेळापत्रकही वाराच ठरवत होता.

हा वारा येतो कुठून? बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या पठारावर कमी, या तफावतीतून तो उठतो. पण तुर्कस्तानवरचा तो कमी दाब एकटा नाही. वायव्य भारत, पाकिस्तान, इराण असा पसरत गेलेला उन्हाळी कमी दाबाचा जो विशाल पट्टा आहे, त्याचं हे पश्चिमेकडचं टोक. सह्याद्रीवर पाऊस आणणाऱ्या मोसमी वाऱ्यांना ओढून घेण्यात याच पट्ट्याचा मोठा हात असतो! आणि ते निरभ्र आकाश? मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ साली त्याचाही दुवा दाखवून दिला. मान्सूनच्या पावसात जी अफाट उष्णता हवेत मोकळी होते, तिने वातावरणात उठणाऱ्या लाटा पश्चिमेकडे पसरतात आणि पूर्व भूमध्य समुद्रावरची हवा खाली बसू लागते. खाली बसणारी हवा कोरडी होत जाते, ढग धरत नाही. महाबळेश्वरला धो-धो कोसळणारा पाऊस आणि पिरेअसचं कोरडं, निळं आकाश ही एकाच वातावरणाची दोन अंगं आहेत. मला तरी निसर्गातल्या मोठ्या नवलांपैकी हे एक वाटतं.

म्हणूनच या बेटांची सहल आखताना हॉटेलांच्या यादीआधी नकाशा आणि वारा पाहावा.

नकाशात अथेन्सच्या आग्नेयेला सिक्लेडीज हा द्वीपसमूह दिसेल. ही बुडालेल्या डोंगरांची माथी आहेत. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती आणि पारोस, नाक्सोस व आजूबाजूची बेटं मिळून एकच मोठं बेट होतं. आज त्या बेटाच्या दऱ्यांवरून आपली बोट जाते.

बोटी ठरावीक ओळींनी धावतात, एसटीची गाडी वाटेतले थांबे घेत जावी तशा. मधली ओळ पारोस, नाक्सोस, सँटोरिनी अशी. पश्चिमेची किथनोस, सेरिफोस, सिफनोस, मिलोस अशी. पहिल्या खेपेला एकच ओळ धरावी. नकाशावर दोन बेटं हाताच्या अंतरावर दिसतात, पण ती वेगळ्या ओळींवर असली तर त्यांच्यात रोज बोट असेलच असं नाही. अँड्रोस, टिनोस, मिकोनोस करायचं असेल तर पिरेअसऐवजी राफिना बंदर जवळ पडतं आणि विमानतळापासूनही ते सोयीचं आहे.

बोटींच्या मुख्य जाती दोन. वेगवान कॅटामरान सँटोरिनीला सुमारे पाच तासांत नेते, पण वारा वाढला की आधी तीच थांबते, हेलकावेही तिलाच जास्त बसतात आणि बहुतेक वेळ काचेआड बसून काढावा लागतो. मोठी पारंपरिक बोट पारोसला चार तासांच्या पुढे, सँटोरिनीला साडेसात-आठ तास घेते. तिचं तिकीट स्वस्त, उघडा डेक प्रशस्त आणि वाऱ्यापुढे तग धरण्याची ताकद अधिक. ज्यांना बोट लागते त्यांनी तर हीच घ्यावी आणि बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावं. वाऱ्याच्या दिवसांत नियम कडक आहेत आणि ते हवेतच. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्सप्रेस सामिना’ ही पिरेअसहून निघालेली बोट पारोसजवळच्या खडकावर आपटून बुडाली, ८० हून अधिक माणसं गेली. मनाई झाली की चडफडण्याआधी ती रात्र आठवावी.

पिरेअसला पोचणं आता सोपं आहे. २०२२ पासून विमानतळावरून मेट्रो थेट बंदरापर्यंत येते, तासाभराचा प्रवास. मात्र बंदर अवाढव्य आहे. त्याला ई-१ ते ई-१२ अशी गेटं आहेत आणि चुकीच्या गेटाशी पोचलात तर बॅगा ओढत बरीच पायपीट होते. गेटचा क्रमांक आदल्या दिवशी पुन्हा तपासावा, बोट सुटायच्या तासभर आधी पोचावं. तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम असावं. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. त्याची तयारी तिकिटांच्या कितीतरी आधी सुरू करावी.

बोटीच्या पोटात, गाड्या उभ्या करतात तिथे, सामानाच्या मांडण्या असतात आणि त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. नाक्सोसला उतरणाऱ्याची बॅग नाक्सोसच्या मांडणीत. बेट जवळ आलं की घोषणा होते आणि सगळे खाली त्या डिझेलच्या वासात, ट्रकांच्या शेजारी येऊन उभे राहतात. नांगराची साखळी खडखडत सुटते. दीडशे मीटर लांबीची बोट छोट्याशा बंदरात गर्रकन वळते आणि पाठमोरी धक्क्याकडे सरकू लागते. ती सरकत असतानाच पिछाडीचा अवजड लोखंडी दरवाजा खाली येऊ लागतो. उजेडाची चीर रुंदावत जाते आणि तिच्यातून पांढरी घरं दिसतात. खलाशी शिट्ट्या फुंकतात, दोर खुंट्यांवर पडतात, माणसं आणि ट्रक एकदमच बाहेर पडतात. लहान बेटावर हा सगळा सोहळा दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो. भर वाऱ्यात, जवळजवळ जागच्या जागी, एवढं धूड मागे आणणाऱ्या कप्तानाचं कसब बघत राहावं असं आहे.

सँटोरिनी ओळीत शेवटी ठेवावं. उत्तरेकडच्या फटीतून बोट आत शिरते, ती चक्क ज्वालामुखीच्या विवरात. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी झालेल्या महास्फोटात बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत घुसला. भोवती तीनशे मीटरपर्यंत उंच कडे, त्यांत काळ्या, तांबड्या, राखेच्या पांढुरक्या थरांच्या पट्ट्या. बोटीखाली काही ठिकाणी जवळजवळ चारशे मीटर पाणी. मधलं काळंकुट्ट नेआ कामेनी बेट नंतरच्या उद्रेकांतून वर आलं, शेवटचा उद्रेक १९५० चा. विमानाने येणाऱ्याच्या वाट्याला हा प्रवेश येत नाही.

आता पश्चिमेच्या ओळीवरल्या मिलोसविषयी. तिथे ऑब्सिडियन नावाची ज्वालामुखीची काळी काच मिळते. ग्रीसच्या मुख्य भूमीवरल्या फ्रांख्ती गुहेत, दहा हजार वर्षांहून जुन्या थरांत, याच मिलोसच्या काचेचे तुकडे सापडले. मिलोस तेव्हाही बेटच होतं, म्हणजे कुणीतरी वारा ओळखून नाव घातली, काच घेतली आणि परत आलं. ग्रीसमध्ये शेती सुरू होण्याआधी, मडकी घडण्याआधी माणसाने आखलेली ही सफर आहे.

त्यांनी जे केलं असणार तेच आपण करावं: वाऱ्याला दिवस द्यावा. बेटांवरून परतल्यावर एक पूर्ण रात्र अथेन्समध्ये राखून ठेवावी, विमानाच्या दिवशीच बोट कधीही घेऊ नये. सवड निवडता येत असेल तर मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध धरावा; सप्टेंबरात मेल्तेमी ओसरत जातो आणि पाणी अजून कोमट असतं. जुलै-ऑगस्टशिवाय सुट्टीच नसेल तर बेटं दोनच घ्यावीत, मोठी बोट घ्यावी आणि एखादी फेरी रद्द झालीच तर वैतागू नये. त्या दिवशी बहुधा आपल्या घाटावर उत्तम पाऊस पडत असेल.