'पाठलाग' (१९६४) : रहस्यपटातील ओळखीचा पुरावा

प्रास्ताविक :
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश रहस्यपटांत कॅरल रीड दिग्दर्शित 'द थर्ड मॅन' (१९४९) अग्रगण्य मानला जातो. मराठी रहस्यपटांचा विचार करताना राजा परांजपे दिग्दर्शित 'पाठलाग' (१९६४) टाळता येत नाही. मृत मानलेली व्यक्ती जिवंत असणे आणि तिच्या नावाने दुसऱ्याच कोणाचा अंत्यसंस्कार झालेला असणे, हे दोन्ही चित्रपटांतील समान सूत्र होय. या रहस्याचा उलगडा कोणत्या पुराव्याच्या आधारे होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन चित्रपट, दोन पुरावे :
'द थर्ड मॅन'मध्ये युद्धोत्तर व्हिएन्नात हॅरी लाइमच्या मृत्यूविषयी संशय निर्माण होतो. पोलीस त्याचे थडगे उकरतात, तेव्हा शवपेटीत दुसऱ्याच माणसाचे प्रेत सापडते. हा पुरावा मूर्त स्वरूपाचा आहे. त्यावर वाद संभवत नाही.

जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारलेल्या 'पाठलाग'मध्ये हा मार्गच बंद आहे. व्यवसायाने वकील असलेल्या पतीने (डॉ. काशिनाथ घाणेकर) पत्नीचा (भावना) मृत्यू स्वतः पाहिला आहे. दहनानंतर तपासण्याजोगे काही उरलेले नाही. पुढे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री आरोपी म्हणून न्यायालयात उभी राहते व आपणच त्यांची पत्नी असल्याचे सांगते. तिच्याजवळ पुरावा एकच, तो म्हणजे दांपत्यजीवनातील खाजगी आठवणी.

तत्कालीन भारतीय पुरावा कायद्याच्या (१८७२) कलम ९ नुसार व्यक्तीची ओळख प्रस्थापित करणारी तथ्ये सुसंगत ठरतात. परंतु या आठवणींची सत्यता सांगू शकणारा साक्षीदार पतीच आहे, आणि तोच तिला नाकारतो आहे. चारचौघांत उच्चारू नये ते उघड न्यायालयात सांगावे, तरीही विश्वास बसू नये, अशी तिची कोंडी होते. दगावलेली स्त्री तिची जुळी बहीण होती, हे अखेरीस स्पष्ट होते.

निष्कर्ष :
'गुन्हेगार कोण?' या रहस्यकथेच्या रूढ प्रश्नाऐवजी 'ही स्त्री कोण?' हा प्रश्न 'पाठलाग'च्या केंद्रस्थानी आहे. स्त्रीची ओळख पतीच्या मान्यतेवर अवलंबून असणे, हे त्यातील भयाचे खरे कारण होय. राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) या नावाने हीच कथा हिंदीत आणली. जुळ्या बहिणीचा खुलासा कथा संपवतो. तथापि स्वतःची ओळख सिद्ध करण्याचा भार स्त्रीवरच का पडावा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणूनच हा चित्रपट केवळ मनोरंजनापुरता मर्यादित ठरत नाही.