इंजिनात बोल्ट तुटला? ड्रिल सगळ्यात शेवटी घ्या

गाडीचं काम घरी करताना बोल्टचं डोकं पान्यासोबत निघून येतं आणि दांडा आतच राहतो. अशा वेळी पहिला विचार येतो ड्रिल मारायचा. तो विचार थोडा बाजूला ठेवा. बोल्ट काही रुपयांचा असतो, पण तो ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसलाय ते खराब झालं तर खर्च हजारांत जातो. सॉफ्टवेअरमध्ये चुकलं तर अनडू करता येतं, धातूत तशी सोय नाही. म्हणून जो उपाय फसला तरी नुकसान होत नाही तो आधी करायचा, आणि ज्यातून मागे फिरता येत नाही तो शेवटी.

बोल्ट तुटतो कशामुळे?

मी नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याला घरी गेलो की जुन्या डिझेल गाडीची देखभाल माझ्याकडे असते. यंदा थर्मोस्टॅटच्या झाकणाचा ८ मिलिमीटरचा बोल्ट, म्हणजे ज्याला १३ नंबरचा पाना लागतो तो, चुलतभाऊ खोलत असताना तुटला. सगळे म्हणाले, जोर जास्त लावला. पण दांडा बाहेर आल्यावर खरं कारण दिसलं. आट्यांवर पांढरी पूड जमली होती.

या गाडीच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं जात होतं. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम हे दोन वेगळे धातू क्षारांच्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले, की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. त्यातून तयार होणारी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये गच्च बसते. वरून डोकं फिरतं, खालचे आटे जागचे हलत नाहीत, आणि मधला दांडा पिळवटून तुटतो. म्हणजे प्रश्न जोर कमी पडण्याचा नाही, आतली पकड सोडवण्याचा आहे.

कोणत्या क्रमाने जायचं?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, पाणी काढा आणि झाकण बाजूला करा. बऱ्याचदा दांडा ३-४ मिलिमीटर बाहेर आलेला सापडतो. तसं असेल तर अर्धं काम झालं.

२. तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर मुरू द्या. मग हातोडीने दांड्यावर सरळ, हलके ठोके द्या. त्या हादऱ्याने पूड तडकते आणि तेल आत उतरतं. त्यानंतर व्हाइस ग्रिपने पकडून बघा.

३. नाही हलला तर सांडलेलं तेल पुसून टॉर्चने बाजूचं अ‍ॅल्युमिनियम तापवा. डिझेलचे पाइप, वायरी आणि प्लॅस्टिक जवळ नको. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १०० अंशांनी तापवलं तर ८ मिलिमीटरच्या भोकात जेमतेम ०.०१ मिलिमीटर मोकळीक मिळते, पण पकड सुटायला तेवढीही कामाला येते. गरम असतानाच कडेला मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं.

४. तरीही अडला तर वेल्डिंगवाल्याला बोलवा. आमच्याकडे नांगर आणि ट्रॉलीच्या कामामुळे वेल्डिंगवाला लगेच मिळतो. दांड्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्ड करायचं. पोलादाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला नीट धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटायची भीती कमी असते. आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. लाली गेली की पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे करत फिरवा. आमचा पहिला नट निसटला, दुसऱ्या नटासोबत दांडा फिरत बाहेर आला.

५. ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टर, ज्याला गॅरेजमध्ये इझी आऊट म्हणतात, शेवटी. बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा, ३ मिलिमीटरपासून सुरुवात करा, ड्रिल सरळ धरा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. एक्स्ट्रॅक्टर फिरत नसेल तर जोर वाढवू नका. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही, मग हेड उतरवून मशीन शॉपमध्येच न्यावं लागतं. ड्रिल मध्यापासून सरकायला लागलं तरी थांबा आणि काम तिथेच सोपवा.

परत तुटू नये म्हणून

दांडा निघाल्यावर आट्यांतून ८ × १.२५ चा टॅप हाताने फिरवून पूड काढा. आटे गेलेच असतील तर जागा मोठी करून तारेच्या स्प्रिंगसारखे नवे आटे बसवता येतात.

नवा बोल्ट आवळताना अंदाजावर जाऊ नका. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. २० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा भार दिला तर जवळपास ४० न्यूटन-मीटर होतात, म्हणजे चौपट! नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, त्याप्रमाणे टॉर्क रेंच वापरा.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा आणि ठरलेल्या मुदतीला बदला. कूलंटमधली रसायनं धातूची झीज रोखतात, आणि पुढच्या वेळी तोच बोल्ट साध्या पान्याने सुटतो.