मॅटखालचा गंज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली जिल्ह्यात अजूनही एमएच २२ ची पाटी लावलेल्या जुन्या गाड्या फिरताना दिसतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि पुढे इथल्या गाड्यांना एमएच ३८ क्रमांक मिळू लागला. त्याआधी घेतलेली कमांडर, सुमो, ट्रॅक्स, ऑम्नी किंवा मारुती ८०० ज्यांनी सांभाळून ठेवली आहे, त्यांच्या गाडीने आज पंचविशी ओलांडली आहे. इंजिनाची काळजी फारशी नसते. त्याचं काम गावातल्या मिस्त्रीला तोंडपाठ असतं आणि सुटे भाग नांदेड-परभणीला मिळून जातात. गाडी हातची जाते ती बहुधा पायाखालच्या पत्र्यामुळे. या पत्र्याबद्दल आपल्याकडे जे समज घट्ट बसले आहेत, त्यांच्यामुळे वाचू शकणारी गाडीही भंगारात निघते आणि जी चालवायलाच नको ती रस्त्यावर राहते.

“गंज कोकणातल्या गाड्यांना. आपल्याकडे हवा कोरडी.”

यातलं अर्धं खरं आहे. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि खारं वारं त्या कामाला वेग देतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे रत्नागिरीच्या गाडीपेक्षा सेनगावची गाडी हळू गंजते, हे मान्य. पण मीठ फक्त समुद्रातून येत नाही.

मृग लागला की तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातून खताची पोती जीपच्या मागच्या भागात पडतात. त्यात १०:२६:२६ असतं, पोटॅश असतं, युरिया असतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. जेवणातल्या मिठात जे क्लोराइड असतं, तेच यात असतं, आणि पोटॅश असलेल्या बऱ्याच मिश्रखतांतही ते उतरतं. पोतं एका कोपऱ्याला फाटतं, मूठभर दाणे मॅटखाली सरकतात, ते कोणी वेचत नाही. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की युरिया स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओला होतो, आणि पावसाळ्यात इतकी आर्द्रता रोजचीच असते. म्हणजे मॅटखाली खारं पाणी आपण आपल्या हाताने तयार करतो.

दुसरा मुद्दा काळ्या मातीचा. कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यातली ही चिकण माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर हळद आणि सोयाबीन इथे जोमाने येतात. तीच माती चाकाने उडून तळाच्या खाचांत, दाराखालच्या पट्टीच्या आत, आडव्या बीमच्या कोपऱ्यात बसते आणि पोटिसासारखी दिवसेंदिवस ओल धरून राहते. रस्ता सुकला, गाडी वरून स्वच्छ दिसली, तरी खाली ओल तशीच असते.

आणि बहुतेक वेळा गंजाची सुरुवात खालून नव्हे, आतून होते. समोरच्या काचेचं रबर कडक होऊन भेगाळलेलं असतं, दाराचं रबर दबलेलं असतं, तळातली रबरी बुचं चिखलाने गच्च झालेली असतात. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नसते. त्यावर जाड रबरी मॅट, तिच्याखाली नमदा. नमदा पाणी पितो आणि मॅट ते उडू देत नाही. मॅट वरून कोरडी लागते, म्हणून कोणी ती उचलत नाही.

“जुन्या गाडीचा पत्रा जाड, त्याला काही होत नाही.”

जाड पत्र्याला भोक पडायला जास्त वेळ लागतो, एवढंच. गंज रोखण्याचं काम जाडीचं नसून लेपाचं आहे. आजच्या मोटारीची अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि वीज सोडून तो लेप कोपऱ्याकोपऱ्यांत बसवतात. शिवाय कित्येक भागांना जस्ताचा मुलामा असतो. जुन्या जीपसारख्या गाड्यांना असं संरक्षण क्वचितच मिळालं. पत्रा दणकट होता पण अंगावर पांघरूण पातळ होतं, आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्डिंग केलं आहे तिथे तर तेही पोचलं नव्हतं. म्हणून गंज पहिल्यांदा जोडावर दिसतो.

“रुपयाएवढं भोक आहे, पुढच्या वर्षी बघू.”

भोक रुपयाएवढं दिसतं तेव्हा सडका पत्रा हाताच्या पंजाएवढा असतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे रंग आधी फुगतो आणि मग सोलतो. शिवाय तो सच्छिद्र असतो. ॲल्युमिनियमवर चढणारा थर आतल्या धातूचं रक्षण करतो, तसं लोखंडाच्या बाबतीत घडत नाही. गंजातून पाणी आत झिरपतच राहतं.

खरी हद्द शोधायला महागडं यंत्र लागत नाही. मॅट आणि नमदा पूर्ण काढा. तारेच्या ब्रशने पापुद्रे उडवा. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने भोकापासून बाहेरच्या बाजूला दाबत जा आणि हातोडीच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो. सडका बद्द वाजतो, आणि टोक आत घुसतं. जिथे टोक घुसायचं थांबतं, तिथून आणखी दोन बोटं पलीकडे तुमच्या दुरुस्तीची रेघ.

हे पुढच्या वर्षावर टाकू नये, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही जिवाशी निगडित आहेत. पहिलं कारण धुराचं. सायलेन्सरचा पाइप तळाखालून जातो. त्याचा एखादा जोड गळत असेल आणि वर पत्र्याला भोक असेल, तर धूर थेट आत येतो. ऑम्नीमध्ये इंजिनच पुढच्या सीटखाली आहे. पेट्रोल गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. काचा बंद करून रात्रीच्या प्रवासात डोकं जड होणं, मळमळणं, पेंग येणं याला आपण थकवा समजतो. “भोकातून वारा येतो, बरंच आहे” असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरं कारण ताकदीचं, आणि इथे गाडीगाडीत फरक आहे. कमांडर, ट्रॅक्स, सुमो यांना खाली लोखंडी चासी आहे आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली आहे. तिथे मधला पत्रा गेला तरी गाडीचा कणा शाबूत असू शकतो. मात्र बॉडी ज्या जागी चासीवर टेकते त्या जागा सडल्या असतील तर ते काम निकडीचं. मारुती ८०० आणि ऑम्नी यांना अशी वेगळी चासी नाही. तळ, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि आडवे बीम मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. सीटचे बोल्ट आणि सीटबेल्टची खालची पकड याच सांगाड्यात असतात. पकडीभोवतीचा पत्रा कुजलेला असेल, तर अपघाताच्या झटक्यात बेल्ट माणसाला धरून ठेवेल याची खात्री देता येत नाही. “तळ म्हणजे नुसती पाय ठेवायची जागा” हा समज अशा गाड्यांत सर्वांत महाग पडतो.

“रेड ऑक्साइड मारला की काम झालं.”

वेल्डिंगच्या दुकानात गेटपासून ट्रॉलीपर्यंत सगळ्याला तांबडा रेड ऑक्साइड लागतो, म्हणून गाडीच्या तळालाही लागतो. पण साधा रेड ऑक्साइड हा प्रायमर आहे. त्यावर दुसरा लेप नसेल तर ओल त्यातून पार होते. गंजाच्या पापुद्र्यावर मारला तर पापुद्र्यासकट गळून पडतो.

गंज “काळा करणारं” द्रव्यही मिळतं. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं आणि पातळ, घट्ट बसलेल्या गंजाचं ते स्थिर संयुगात रूपांतर करतं. वरवरच्या लालीवर त्याचा उपयोग आहे. गेलेलं लोखंड ते परत आणत नाही, आणि दोन पत्र्यांच्या फटीत तर पोचतच नाही.

एपॉक्सीची लांबी भरणं, डांबरी पट्टी चिकटवणं, जुन्यावरच नवा पत्रा टाकून रिव्हेट मारणं हे सगळे उपाय भोक झाकतात आणि पाणी आत कोंडतात. “डबल पत्रा, डबल ताकद” हे ऐकायला बरं वाटतं, पण सडक्या पत्र्याला जोडलेला नवा पत्रा पकडणार कशाला? दोघांमधल्या फटीत ओल साचते आणि नवा पत्रा आतल्या बाजूने सडू लागतो.

सर्व्हिसिंगमध्ये निघालेलं जळकं ऑइल तळाला फासायची रीत तर गावोगावी आहे. त्याने पाणी काही दिवस दूर राहतं, हे खरं. पण त्याला धूळ चिकटून जाड थर बनतो, रबरी बुश आणि होज फुगून खराब होतात, ब्रेकच्या भागांवर ते गेलं तर धोका वेगळाच. वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्यं असतात, आणि ठिबकलेलं ऑइल जातं ते आपल्याच वावरात किंवा विहिरीच्या कडेला. हा उपाय सोडून द्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

“जाड प्लेट लावा, आयुष्यभर बघायला नको.”

मोटारीच्या तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो, जीपमध्ये थोडा अधिक. त्याला तीन मिलिमीटरची प्लेट जोडली की वेल्डिंगच्या उष्णतेत पातळ बाजू जळून भोकं पडतात, आणि पुढे खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्याच कडेला चीर जाते. मूळ पत्र्याच्या जाडीचाच, १८ किंवा २० गेजचा पत्रा बरोबर. मूळ तळावर ज्या उठलेल्या खाचा असतात त्या शोभेच्या नसतात, त्यांनी पत्र्याला ताठपणा येतो. सपाट पत्रा बसवला तर तो चालताना ढमढमतो. चांगला डेंटर नव्या तुकड्यावरही खाचा ठोकून घेतो.

कापताना चमकदार धातू लागेपर्यंत कापायचं. पुठ्ठ्याचा नमुना काढून तुकडा बेतायचा. साध्या आर्क वेल्डिंगच्या जाड रॉडने हा पत्रा फाटतो, गॅसने वाकडा होतो. यासाठी बारीक तारेचं सीओटू वेल्डिंग हवं. तेही सलग न ओढता टाके मारत: एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये थंड होऊ देत, वर पाणी न ओतता. मग जोडावर दोन्ही बाजूंनी सीलर, एपॉक्सी प्रायमर, रंग, आणि सर्वांत शेवटी खालून अंडरकोटिंग. अंडरकोटिंग आधी आणि गंज काढणं नंतर, असा उलटा क्रम केला तर गंज त्याच्याआड निवांत वाढतो. पाणी निघायची भोकं मात्र बुजवायची नाहीत. ती मोकळी ठेवून नवी बुचं बसवायची.

जीआय पत्रा लावला की गंजाचा प्रश्न मिटला, असं काहींना वाटतं. पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, म्हणजे जोडच उघडा पडतो. शिवाय त्या पांढऱ्या धुराने कारागिराला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं. दूध प्यायलं किंवा गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, ही समजूत कारखान्यांपासून खेड्यातल्या दुकानापर्यंत आहे. धूर फुप्फुसात जातो, दूध पोटात. जोडाच्या कडेचं जस्त आधी घासून काढणं, उघड्यावर काम करणं आणि धुरासाठीचा योग्य मास्क वापरणं, हाच उपाय. आपल्या गाडीखाली आडवा पडून काम करणाऱ्या माणसासाठी मालकानेही एवढं पाहावं.

काम सुरू होण्याआधी बॅटरीची वायर काढलेली, सीट आणि नमदा बाहेर, तळाखालून जाणारी पेट्रोल-डिझेलची नळी बाजूला केलेली, आणि पाण्याची बादली व वाळू जवळ असली पाहिजे. ऑम्नीला गॅस किट असेल तर टाकी जाणकाराकडून उतरवल्याशिवाय ठिणगी पाडू नये.

“पंधरा वर्षं झाली की गाडी बाद. त्यात पत्रा बदलला तर पासिंगच होत नाही.”

दिल्ली परिसरातल्या वयाच्या बंदीच्या बातम्या ऐकून हा समज पसरला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण गाडी तपासणीत पास झाली तर तिचं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. मोटारीसाठीचं त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं होतं, आणि जुन्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. काळी-पिवळीसारख्या प्रवासी गाड्यांना आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. तळाचा सडलेला पत्रा मूळ मापाने बदलणं म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत फेरफार नव्हे. चासी नंबर कोरलेल्या भागाला मात्र ग्राइंडर लावू नये. तिथेच गंज असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारावं, मग हात घालावा.

या सगळ्याला योग्य वेळ आहे दसऱ्याच्या आसपास. गाडी पूजेसाठी धुतली जातेच, पाऊस परतलेला असतो, ऊन कडक असतं. नदीपात्रात गाडी उतरवण्याऐवजी घरी धुवावी, सगळे मॅट बाहेर उन्हात टाकावेत, तळातली बुचं काढून पाणी जाऊ द्यावं आणि पत्रा दोन दिवस उघडा ठेवावा. पुढच्या हंगामात खताच्या पोत्यांखाली ताडपत्री अंथरावी.

प्रत्येक गाडी मात्र वाचवण्याजोगी नसते. चासीचीच आडवी-उभी पट्टी कुजली असेल, पाटे जिथे बसतात त्या जागा सुटल्या असतील, किंवा ऑम्नीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि बीम एकदमच गेले असतील, तर प्रामाणिक कारागीर नकार देतो आणि त्याचं ऐकावं. अशी गाडी भंगारवाल्याला नुसती विकून मोकळं होता येत नाही. गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी जमा केली तर तसं प्रमाणपत्र मिळतं. हे केलं नाही, तर गाडीचे तुकडे झाल्यावरही कागदावर मालक तुम्हीच राहता.