परतलेल्यांचा गणपती

होळकरांच्या इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या काढून जी कुटुंबे महाराष्ट्रात परतली व पार्ल्यात स्थिरावली, त्यांचा इथला पहिला भाद्रपद मोठा चमत्कारिक जातो. तिकडे गणपती बसवणे म्हणजे मराठीपण जपणे; अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या पाहतानाही त्याचा विसर पडत नसे. इकडे, १९२१ सालच्या पार्ले टिळक विद्यालयाच्या आणि १९२३ सालच्या लोकमान्य सेवा संघाच्या या गावी, ते जपावे लागतच नाही. उलट त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीला शेजारी गालांतल्या गालांत हसतात! आम्हांला हे हसणे रुचत नाही. आरतीची सारी कडवी मुखोद्गत असतात ती, आमच्या पाहण्यात तरी, या परतलेल्यांनाच. दुसऱ्या कडव्यापासून पार्लेकर नुसत्या टाळ्या वाजवीत त्यांच्या ओठांकडे पाहत असतात.